डीएसएलआरच्या बॉडी कॅपला (लेन्सच्या जागी लावायच्या झाकणाला) पिनहोल, म्हणजे लेन्सऐवजी बारीक भोक केलं, फोटो मऊ (धूसर) येतात आणि आकाशात ठिपके दिसतात. भोक आणखी बारीक करू का?

नका करू. तुमची कॅननची क्रॉप (लहान) सेन्सरवाली बॉडी, कॅपवर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा आणि त्याला सुईचं भोक, असं तुम्ही लिहिलंय. यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मऊपणा भोक बारीक केल्याने वाढेल, आणि ठिपक्यांचा भोकाच्या मापाशी संबंध नाही.

आधी माप. कॅननच्या ईएफ माउंटपासून (लेन्स बसवायच्या कडीपासून) सेन्सर ४४ मिमीवर असतो. या अंतराला ०.०००५५ ने गुणा (हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी, मिमीमध्ये), वर्गमूळ काढा आणि त्याला १.९ ने गुणा. उत्तर येतं ०.३ मिमीच्या आसपास. हा १.९ भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांच्या गणितातून आलाय, काहीजण थोडा कमी आकडा धरतात. ०.२५ ते ०.३० मधलं कुठलंही भोक चालेल. त्याच्या खाली गेलात की प्रकाशाचं विवर्तन (भोकातून जाताना त्याचं पसरणं) वरचढ होतं: ०.२८ मिमीच्या भोकातून एका बिंदूचा सुमारे ०.२ मिमीचा डाग पडतो, ०.१५ मिमीच्या भोकातून तोच ०.४ मिमीचा.

तुमचा सेन्सर २२.३ मिमी रुंद, म्हणजे आडव्या ओळीत असे जेमतेम शंभरेक डाग मावतात. मेगापिक्सल कितीही असोत, पिनहोलला त्याचा उपयोग नाही. मोठ्या सेन्सरवर किंवा मोठ्या फिल्मवर ते जास्त मावतात. थोडा मऊपणा लहान सेन्सरचाच आहे, तो धरूनच विषय निवडा. मोठे, ठळक आकार छान येतात, दूरच्या झाडाची पानं येणार नाहीत.

भोक बारीक करण्यापेक्षा गोल आणि स्वच्छ करण्यावर मेहनत घ्या. पत्रा पुठ्ठ्यावर ठेवून सुईने नुसता खळगा पाडा, आरपार नको. मागचा उंचवटा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी लावून घासा, पत्रा तिथे पातळ झाला की सुईचं फक्त टोक फिरवत घाला. मग दोन्ही बाजू १००० नंबरने घासून पुन्हा टोक फिरवा. कडेला राहिलेली कीस फोटोत धुरकट वलय आणते. माप घ्यायला फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो: २४०० डीपीआयला एक पिक्सल साधारण ०.०१ मिमी, म्हणजे २६-२७ पिक्सलचं भोक हवं. आडवं-उभं माप सारखं आलं नाही तर पत्रा फेकून नवा घ्या.

कॅपच्या बरोबर मध्यावर ६ ते ८ मिमीचं भोक ड्रिलने पाडा, कॅप साबणाने धुऊन वाळवा (प्लास्टिकचा भुगा नाहीतर थेट सेन्सरवर जातो) आणि पत्रा आतून चिकटवा. त्याची आतली बाजू काळ्या मार्करने रंगवा. चकचकीत राहिली तर सेन्सरवरून परतलेला प्रकाश तिथून पुन्हा आत येतो आणि फोटोच्या मध्यावर पांढुरका डाग पडतो. टेपचं टोक आत लोंबत राहू देऊ नका, आरसा वर जाताना अडकेल.

एक्स्पोजर मॅन्युअल मोडवर ठेवा. हे छिद्र जवळजवळ एफ १६० (४४ मिमी अंतर भागिले भोकाचं माप). एफ १६ च्या तुलनेत प्रकाश शंभरपट कमी, म्हणून लख्ख उन्हात आयएसओ १०० ला साधारण एक सेकंद, मोकळ्या सावलीत आठेक सेकंद. अंदाज नसेल तर आयएसओ ६४०० वर चाचणी घ्या आणि आलेली वेळ ६४ ने गुणून आयएसओ १०० वर या. ट्रायपॉड लागतोच, आणि व्ह्यूफाइंडर काळ्या कापडाने झाका, मागून शिरलेला प्रकाश लांब एक्स्पोजरमध्ये फोटोवर उमटतो.

आता ठिपके. ते प्रत्येक फोटोत त्याच जागी असतील तर ती सेन्सरच्या काचेवरची धूळ आहे. नेहमीच्या लेन्सला एफ ५.६ वर तिची सावली विरून जाते, एफ १६० ला किरणांचा शंकू इतका निमुळता असतो की कण न् कण टोकदार दिसतो. मेन्यूतल्या सेन्सर क्लीनिंगने आरसा वर करा, कॅमेरा तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार बसतात. उरलेल्यांसाठी कॅप न हलवता, भोकासमोर ट्रेसिंग पेपर धरून मोकळ्या आकाशाचा एक फोटो घ्या आणि गिम्पमध्ये (फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) तो मूळ फोटोवर ठेवून लेयर मोड डिव्हाइड करा. ठिपके आणि कडांचा काळोख दोन्ही एकदम जातात. कॅप काढून परत लावलीत तर हा फोटोही पुन्हा घ्यावा लागेल, कारण भोक किंचित सरकलं तरी सावल्या सरकतात.

पुढे मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेणार असलात तर हीच कॅप ठेवा. कॅननच्या मिररलेसच्या आरएफ माउंटचं अंतर फक्त २० मिमी, त्याच्या कॅपला ०.२ मिमीचं भोक लागतं, आणि इतक्या तिरप्या किरणांनी कडा काळवंडतात, कधी जांभळट होतात. ईएफ-आरएफ अडॅप्टर २४ मिमीचा असतो, त्यावर तुमची जुनी कॅप जशीच्या तशी बसेल. फक्त लेन्स नसताना शटर चालू द्यायचा पर्याय मेन्यूत सुरू करावा लागेल.