गाडीचं डायग्नोस्टिक करायला कुठला लॅपटॉप घेऊ?

प्रश्न: माझी फोक्सवॅगन जुनी झालीय, चेक इंजिनचा दिवा सारखा लागतो आणि नुसता बिघाडाचा कोड वाचायला दरवेळी गॅरेजला जायचा कंटाळा आलाय. व्हीसीडीएस (फोक्सवॅगनसारख्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) घेऊन घरीच बघावं म्हणतो. मित्राची बीएमडब्ल्यू आहे, तिच्यासाठी इस्टा (बीएमडब्ल्यू तपासायचं सॉफ्टवेअर) पण टाकायचंय. बजेट कमी आहे. नवा स्वस्तातला लॅपटॉप घेऊ की जुना?

उत्तर: जुनाच घ्या, पण ऑफिसात वापरतात तसला, म्हणजे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक वगैरे. नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बरेचदा स्टोरेज अगदी कमी असतं, पोर्ट मोजकेच असतात, आणि काहींवर विंडोज एस मोडमध्ये येतं, त्यात स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर टाकताच येत नाही (एस मोड फुकटात काढता येतो, पण माहीत नसेल तर माणूस उगाच वैतागतो). क्रोमबुक नको. स्नॅपड्रॅगनवाला विंडोज लॅपटॉप पण नको, कारण सॉफ्टवेअर कसंबसं चालेलही, पण गाडीला जोडायच्या केबलचा ड्रायव्हर एआरएमसाठी (स्नॅपड्रॅगन ज्या प्रकारचा प्रोसेसर आहे तो) बनवलेला नसेल तर केबल ओळखलीच जाणार नाही.

व्हीसीडीएसला तसं काहीच लागत नाही, दहा वर्षं जुन्या मशीनवरही ते आरामात चालतं. खरी भूक इस्टाची. प्रोग्रॅमिंगचा (गाडीतल्या कंप्युटरमध्ये नवं सॉफ्टवेअर भरण्याचा) डेटा धरला तर ते 100 जीबीच्या वर जातं, म्हणून 512 जीबीची एसएसडी आणि 8 जीबी रॅम बघा, हार्ड डिस्कवाला असेल तर हातच लावू नका. प्रोसेसर आठव्या जनरेशनचा आय5 किंवा त्यापुढचा घ्या, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 ला इंटेलमध्ये साधारण तिथपासूनचेच प्रोसेसर चालतात.

आणि मित्राची गाडी नक्की कुठली ते आधी विचारा हं. एफ सिरीज (बीएमडब्ल्यूची नंतरची पिढी) असेल तर इनेट केबल लागते, तिचं एक टोक लॅपटॉपच्या लॅन पोर्टमध्ये जातं आणि पातळ लॅपटॉपला तो पोर्टच नसतो, मग वेगळा अडॅप्टर आला. ई सिरीज (त्याआधीची पिढी) असेल तर यूएसबीची के-डीकॅन केबल. स्क्रीन मॅट घ्या, उन्हात गाडीत बसून चकचकीत स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोड वाचताना लॅपटॉप बंद पडला तर काही बिघडत नाही, परत जोडायचा, पण प्रोग्रॅमिंग अर्ध्यात तुटलं तर मॉड्यूल (गाडीतला तो छोटा कंप्युटर) कायमचं जाऊ शकतं. माझं गेलंय एकदा, जुन्या लॅपटॉपची बॅटरी 40 टक्के दाखवत होती आणि एकदम शून्यावर आली, त्या भरवशावर मी चार्जर लावलाच नव्हता. तेव्हा जुना घेताना चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर अर्धा तास चालवून बघा, प्रोग्रॅमिंग करताना चार्जर लावा, स्लीप आणि अपडेट बंद ठेवा, आणि गाडीच्या बॅटरीलाही स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट चार्जर जोडा, कारण इग्निशन चालू ठेवली की ती भराभर उतरते. तो चार्जर हाताशी नसेल तोवर नुसते कोड वाचा, प्रोग्रॅमिंगच्या वाटेला जाऊ नका.