गोळी, सलाइन की इंजेक्शन?

प्रश्न : वय 71. दिवाळीत अंगणात घसरून मनगट मोडलं. हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे 2.9 आला, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. अ‍ॅलेंड्रोनेटची हाडांसाठीची आठवड्याची गोळी घेतली, तर छातीत जळजळ. आता डॉक्टर विचारतात, वर्षातून एकदा सलाइन की सहा महिन्यांनी इंजेक्शन? सूनबाई म्हणते, इंजेक्शन सोपं.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी सांगा, गोळी चहाबरोबर घेत होतात का? माझी आई तशीच घ्यायची आणि घेऊन पुन्हा आडवी व्हायची! ही गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. पुढे अर्धा तास बसायचं किंवा चालायचं, काही खायचं नाही. हे पाळूनही जळजळत असेल, तर गोळी सोडलेली बरी.

तुमच्या जागी मी सलाइन निवडलं असतं. त्यातलं औषध झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या; मूत्रपिंड फार अशक्त असेल तर ते देत नाहीत. दात काढायचा असेल तर तोही आधीच उरका. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस कणकण आणि अंगदुखी होऊ शकते, घाबरू नका.

सूनबाईंचं सहा महिन्यांचं इंजेक्शन, म्हणजे डेनोसुमॅब, वाईट नाही. मूत्रपिंड अधू असलेल्यांना मी तेच सुचवते, कॅल्शियमवर लक्ष ठेवून. पण त्याची तारीख चुकवून चालत नाही. मध्येच बंद केलं तर हाडं झपाट्याने विरळ होतात, मणके दबतात. तुम्ही मुलाकडे, गावाकडे ये-जा करणाऱ्या; तारीख कोण सांभाळणार?

आणि अंगणातलं ते शेवाळ घासून घेतलंत का?