विरंगुळा केंद्राचा खर्च ग्रामपंचायतीच्या निधीतून करता येतो का?

तुमच्या शिरोळ तालुक्यातल्या गावात ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र आहे, तिथं झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार आणि म्हाताऱ्या माणसांचा दुपारचा डबा वित्त आयोगाच्या (केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या) पैशातून देता येईल का, असं तुम्ही विचारलंय. पगार नाही. डबा मी तरी त्यात धरणार नाही. बाकी बरंच बसतं. करवीर आणि पन्हाळ्यात ग्रामविकास अधिकारी म्हणून नोकरी केल्यामुळे लेखापरीक्षक कुठं बोट ठेवतो, एवढं सांगू शकतो.

१५व्या वित्त आयोगात (२०२५-२६ पर्यंतचा) ६० टक्के निधी बंधित आहे, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. तो गावाची गरज बघून खर्च करता येतो, पण पगार आणि आस्थापना खर्चाला त्यात स्पष्ट मनाई आहे. पगाराला 'मानधन' म्हटलं म्हणून कोणी फसत नाही. त्यापुढचा पैसा १६व्या आयोगाच्या अटींवर येणार, तेव्हा त्याचे आदेश आधी वाचा.

डब्याला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. हप्ता कधी पडेल याचा भरवसा नसतो. जेवण एकदा सुरू केलं आणि मार्चमध्ये पैसे आले नाहीत म्हणून बंद केलं, तर शिव्या सरपंचाला बसतात आणि उपाशी राहतात एकटे राहणारे आजोबा. रोजचा खर्च संघाच्या वर्गणीवर, देणगीवर ठेवा. सरकारी पैशातून एकदा घेतलं की वर्षानुवर्षं टिकेल अशा गोष्टी घ्या: खुर्च्या, पंखे, रॅम्प, कठडा. कमोडचं आणि धरायला दांडी असलेलं शौचालय हवं असेल तर ते स्वच्छतेच्या बंधित भागात मांडून बघा.

मात्र त्याआधी इमारत कोणाच्या नावावर आहे ते बघा. नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा, उतारा काढा. ग्रामपंचायतीचं समाजमंदिर असेल तर अडचण नाही. संघाच्या किंवा कोणा दात्याच्या जागेवर सार्वजनिक पैशातून फरशी घातली की आक्षेप आलाच म्हणून समजा. शिवाय संघाच्या खात्यावर रोख रक्कम वर्ग करू नका. खरेदी ग्रामपंचायतीने करावी, वस्तू तिच्या जडवस्तू नोंदवहीत चढवाव्यात, संघाने फक्त वापराव्यात.

आता खरी मेख. सरकारी पैसा आहे त्या सेवेत भर घालण्यासाठी असतो. लाईट बिल आजवर वर्गणीतून भरत होता, ते ग्रामपंचायतीवर ढकलून वाचलेल्या वर्गणीतून गोकर्ण-महाबळेश्वरची सहल काढायची, असं कोणाच्या डोक्यात असेल तर आधीच सांगतो: लेखापरीक्षकाच्या आधी ग्रामसभेत कोणीतरी उठेल, "आमच्या घरपट्टीतनं ह्यास्नी सहल व्हय?" तसंच आरोग्य तपासणीचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एकदा वेगळी ओपीडी हा ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग आहे. ती होत नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र द्या. ग्रामपंचायतीच्या पैशातून खासगी डॉक्टर बोलावू नका.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, हा निधी लोकांच्या लक्षातच येत नाही. म्हातारपण म्हणजे दिव्यांगत्व नव्हे, पण कानाने अजिबात ऐकू न येणारे, गुडघ्यांनी जागेवर बसवलेले किती जण तुमच्या केंद्रात असतील! तपासणीत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व निघालं तर त्यांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या, मग ते या ५ टक्क्यांत हक्काने बसतात.

काठी, चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. तेच उपकरण मागच्या ३ वर्षांत दुसऱ्या सरकारी योजनेतून फुकट मिळालेलं नसावं, आणि पैसे आल्यावर ३० दिवसांत खरेदीचं बिल द्यावं लागतं. म्हणून ग्रामपंचायतीने सरसकट वॉकर वाटू नयेत. आधी यादी करा, कोणाला कुठून काय मिळालंय ते लिहा. चौकशीसाठी कोल्हापुरात विचारे माळावरचं सामाजिक न्याय भवन.

संघ स्वतः केंद्र सरकारच्या अनुदानासाठी अर्ज करणार असेल तर याच कामासाठी दुसऱ्या खात्याकडून पैसे घेतलेले नाहीत, असं लिहून द्यावं लागतं. वेगळं खातं ठेवा, त्यावरचं व्याजसुद्धा आपलं नसतं, ते परत करायचं असतं. विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) रखडलं की पुढचा हप्ता रखडतो.

विकास आराखड्याच्या ग्रामसभेला संघाच्या सगळ्या सभासदांना घेऊन जा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. ठरावात "ज्येष्ठांसाठी सोयीसुविधा" असं मोघम लिहून घेऊ नका. वस्तू, नग, जागा आणि अंदाजे रक्कम लिहायला लावा, आणि आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढल्यावर ते काम त्यात दिसतंय का, ते स्वतः उघडून बघा.