एव्हिऑनिक्स की मेकॅनिकल?

प्रिय,

विमान-देखभालीच्या कोर्सला एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) घ्यावं की मेकॅनिकल, 'पुढे स्कोप कशाला जास्त?' असं तू विचारलंस. मला आधी दुसरंच विचारायचंय: बिघाड समोर दिसत नसताना तू किती वेळ शांत राहू शकशील?

एव्हिऑनिक्सचं खरं काम तिथूनच सुरू होतं. समज, लॉगमध्ये तक्रार आहे की वर चढताना ऑटोपायलट आपोआप सुटतो. जमिनीवर टेस्ट घेतली तर सगळं ठीक. कॉम्प्युटर बदलला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वायरिंग डायग्राम घेऊन बसायचं, एकेक कनेक्टर सोडवायचा, आणि कधीतरी केसभर मागे सरकलेली पिन सापडते. जमिनीवर ती टेकलेली असते, हवेतल्या कंपनांनी सुटते. नुसते कॉम्प्युटरचे डबे बदलणारे पुष्कळ असतात; त्या पिनपर्यंत पोहोचणारे फार थोडे.

मेकॅनिकलमधला बिघाड बहुतेकदा डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो. म्हणून ते सोपं समजू नकोस. बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घालून, इंजिन हळूहळू फिरवत टर्बाइनचं एकेक पातं बघायचं. दिसली ती रेघ तडा आहे की नुसता डाग, आणि तडा असेल तर मॅन्युअलच्या मर्यादेत बसतो का, हे ठरवून सही करायची. ती सही झाल्यावर विमान उडतं. बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायची साधी लॉकवायरसुद्धा अशीच ओढून बांधायची की तिचा ताण बोल्टला घट्ट करण्याच्या दिशेनेच राहील.

'आता सगळं कॉम्प्युटरवर, मेकॅनिकल संपलं' हे मात्र मनातून काढून टाक. एअरबस ए३२० फ्लाय-बाय-वायर, म्हणजे यांत्रिक जोडण्यांऐवजी विजेच्या संकेतांनी चालणारं नियंत्रण, घेऊन १९८८ मध्ये प्रवासी सेवेत आलं, बोइंग ७८७ चे ब्रेक तर विजेवर चालतात. तरी टायर झिजतात, सील गळतात, पक्षी इंजिनात जातात. शिवाय देखभाल इंजिनिअरांच्या, युरोपच्या पार्ट-६६ नियमांच्या धर्तीच्या परवान्यांत बी१ हा वर्ग म्हणजे निव्वळ मेकॅनिकल नव्हे. सांगाडा, इंजिन, यांत्रिक यंत्रणा आणि इलेक्ट्रिकल, हे सगळं त्यात येतं. साध्या टेस्टवर भागत असेल तर एव्हिऑनिक्सचा डबा बदलून सहीही करता येते. बी२ एव्हिऑनिक्स आणि इलेक्ट्रिकलचा, पण तिथे खोलवर उतरावं लागतं.

म्हणूनच, मन खरोखर अधांतरी असेल तर मी बी१ घ्यायला सांगेन. परीक्षेची उरलेली मॉड्यूल्स आणि अनुभव पूर्ण करून बी२ नंतर जोडता येतो. पण सर्किट उलगडताना तुझं जेवणखाण विसरायला होत असेल, तर केवळ नोकऱ्यांचा हिशेब करून बी१कडे वळू नकोस. रात्रपाळी दोन्हीकडे आहे, आणि नावडत्या कामाची रात्रपाळी फार लांबते.

आणखी एक, फी भरण्याआधी रंगदृष्टी तपासून घे. तारांवरच्या खुणा, इशाऱ्याचा लाल आणि अंबर दिवा, यांतला फरक दोन्ही शाखांत ओळखावा लागतो. रिपोर्ट आला की कळव, मग कोर्सचं बोलू.

सस्नेह.