कंडक्टिंग शिकायला व्हिएन्नाला यायचं, पण धाकटीचं काय?

ताई, मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, व्हायोलिन वाजवतो आणि व्हिएन्नात ऑर्केस्ट्रा कंडक्टिंग, म्हणजे समोर उभं राहून वादकांना हाताने चालवणं, शिकायचं म्हणतो. आठ वर्षांच्या धाकटीला घेऊन आपणही यावं का, असं तुम्ही विचारलंत. प्रवेशपरीक्षा, फी, व्हिसा हे विद्यापीठाच्या आणि वकिलातीच्या पानांवर आहे, ते इथे उतरवत नाही. मी इथे ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं वाद्य) वाजवते आणि माझी मुलगी इथल्या शाळेत शिकली, तेवढ्यातलं सांगते.

तो झुबिन मेहतांचं उदाहरण देतो म्हणालात. ते पूर्ण वाचायला सांगा. १९५४ साली अठराव्या वर्षी ते मुंबईहून इथे आले, पण वडिलांनी, मेहली मेहतांनी, मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पारशी, गोव्याचे वादक, युरोपातले निर्वासित असे त्यात होते आणि हा मुलगा त्या तालमींतच वाढला. इथे हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकताना ते डबल बास वाजवत. पुढे मोठे कंडक्टर झालेले क्लाउडिओ अबाडो तेव्हा त्यांचे सहाध्यायी, त्यांच्याबरोबर ते कोरसमध्येही गायले, कारण मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना बाहेरच्यांना मज्जाव होता, गाणाऱ्यांना नव्हता. १९५८ साली लिव्हरपूलची कंडक्टिंग स्पर्धा जिंकणं, १९६२ साली लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख होणं हे सगळं त्यानंतरचं. आत शिरायची ही धडपड मुलात आहे का, ते तुम्हालाच ठाऊक.

कंडक्टरला घरी रियाझ करायला वाद्य नसतं, माणसं लागतात. विद्यार्थ्याला ऑर्केस्ट्रा रोज मिळत नाही. एरवी दोन पियानोंवर वाजवणाऱ्यांसमोर हात चालवायचा. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवातच विरामाने होते. त्या आधीच्या हाताच्या एका उचलीत आम्हाला लय कळली पाहिजे. ती कळली नाही, की आमच्या नजरा पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या गजाकडे वळतात आणि समोर उभ्या पोराला ते लगेच समजतं. फार वाईट वाटतं अशा वेळी. म्हणून त्याला व्हायोलिन सोडू देऊ नका. आमच्यात बसूनच तो हे शिकेल, पोटापाण्यालाही तेच उपयोगी पडेल.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. डिसेंबरात चारला अंधार पडतो. सवय होते.

कागदांची मात्र झाली नाही. माझी पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर माझं नुसतं नाव, पुढे आडनाव नाही. कचेरीतल्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी ठेवले, तिन्हीवर बोट फिरवलं आणि विचारलं, ‘ह्या तिघी कोण?’ मग प्रतिज्ञापत्र, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर. तोवर पहिल्या कागदाची मुदत संपलेली. तुमची नावं मुंबई-पुण्यातच एकसारखी करून घ्या.

आता धाकटी. इथे चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: विद्यापीठाकडे नेणारी जिम्नॅशियम शाळा किंवा मिटेलशूले ही सर्वसाधारण शाळा. माझी मुलगी तिसरीत असताना आली. गणितात वर्गात पुढे होती. भागाकार करताना ओठातल्या ओठात मराठी पाढे म्हणायची, तेव्हा तिला ‘जर्मनमध्ये मोज’ म्हणून थांबवलं. दोन वर्षांत जर्मन व्हायचं तेवढं झालं, गुण कमी पडले आणि पालकसभेत मला सांगितलं की जिम्नॅशियम तिला झेपणार नाही. मला उलट बोलायचं होतं, पण तेवढं जर्मन माझ्याकडेही नव्हतं. पुढे ती तांत्रिक विद्यालयातून मतुरा, म्हणजे विद्यापीठात जायला लागणारी शालान्त परीक्षा, पास झाली, आज विद्यापीठात आहे, तिचं छान चाललंय. ती ते सारं विसरली. मी नाही. संगीतासाठी मी आले आणि भार त्या पोरीने उचलला, असं मैफलीहून परतताना ट्राममध्ये अजून मनात येतं.

म्हणून माझं मत विचाराल तर मुलाला एकट्याला पाठवा. एकोणिसाव्या वर्षी तो सांभाळेल स्वतःला. धाकटीला आणायचंच असेल तर लवकर आणा आणि आजपासून जर्मनची शिकवणी लावा. ती आत्ता कितवीत आहे आणि दाखल्यावर तुमचं नाव कसं आहे, एवढं कळवा, म्हणजे कोणते कागद आधी काढायचे ते सांगते.