रिपोर्टमधलं ‘अँटी-एसएम’ पेशीतल्या नक्की कशाच्या मागे लागलंय?

प्रश्न : माझ्या बहिणीला मागच्या वर्षी ल्युपस निघाला. आधी सांधे दुखायचे, मग गालांवर लाल चट्टे आले, पण ऊन बाधलं असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आता रिपोर्टमध्ये एएनए १:६४० स्पेकल्ड, अँटी-एसएम पॉझिटिव्ह, अँटी-आरओ पॉझिटिव्ह असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले शरीर आपल्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवतंय. पण पेशीतल्या नक्की कशाविरुद्ध? ते शोधतात कसं आणि शोधून आम्हाला काय फायदा? तिचं लग्न ठरतंय म्हणून जास्त काळजी वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, प्रश्न फार चांगला विचारलात, कारण रिपोर्टवरची ती अक्षरं बहुतेकांना कुणी समजावूनच सांगत नाही.

एसएम हा पेशीच्या केंद्रकातल्या (न्यूक्लिअसमधल्या) छोट्या प्रोटीन्सचा गट आहे. बी, डी१, डी२, डी३, ई, एफ, जी अशी सात प्रोटीन्स छोट्या आरएनएभोवती कडं करून बसतात, आणि त्यांचं काम म्हणजे जीनवरून निघालेल्या कच्च्या आरएनएतले (आरएनए म्हणजे जीनची कामापुरती नक्कल) नको असलेले तुकडे कापून बाकीचे नीट जोडणं, ज्याला स्प्लायसिंग म्हणतात. हे काम थांबलं तर पेशी जगूच शकत नाही, इतकं ते मूलभूत आहे. तुमच्या बहिणीची अँटीबॉडी नेमकी याच प्रोटीन्सना ओळखते. लॅबमध्ये काचेच्या स्लाइडवर माणसाच्या पेशी असतात, त्यावर पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातला अँटीबॉडी असलेला पातळ भाग, टाकून चमकणारा रंग जोडतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. केंद्रकात हिरवे ठिपके दिसतात आणि मधला न्यूक्लिओलस नावाचा दाट गोळा काळाच राहतो, तेच ते ‘स्पेकल्ड’. केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी हीच तपासणी म्हणजे एएनए, आणि १:६४० म्हणजे सीरम तेवढे पट पातळ करूनही ती पॉझिटिव्ह आली.

आता मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हे, की या प्रोटीन्सचं काम जगाला कळलं ते ल्युपसच्या पेशंट्सच्या रक्तामुळे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात टॅन आणि कुंकेल यांनी एका पेशंटच्या सीरममध्ये ही अँटीबॉडी पकडली, एसएम हे नावही त्या पेशंटच्या आडनावावरून आलंय. पण ती चिकटते कशाला हे तेव्हा स्पष्ट नव्हतं. मग अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी पेशी फोडून तो अर्क अशा सीरममध्ये मिसळला, अँटीबॉडीने आपलं प्रोटीन धरलं, आणि अँटीबॉडीला चिकटणारं बॅक्टेरियातलं प्रोटीन ए वापरून सगळं तळाशी ओढून घेतलं. धुऊन बघितलं तर प्रोटीनबरोबर छोट्या आरएनएचा एक ठरावीक संचही आलेला, आणि वेगळी अँटीबॉडी असलेल्या दुसऱ्या पेशंटचं सीरम घेतलं की त्यातला फक्त एकच. हे १९७९ मध्ये छापून आलं. स्प्लायसिंग होतं हे १९७७ पासून माहीत होतं पण करतं कोण ते माहीत नव्हतं, आणि १९८० मध्ये यांनी सुचवलं की हेच कण ते काम करत असावेत, जे पुढे खरं ठरलं. अँटीबॉडी कशाला चिकटते हे शोधायची संशोधकांची पद्धत आजही मुळात तीच आहे, फक्त ओढून घेतलेलं प्रोटीन कोणतं ते आता मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे त्याच्या तुकड्यांचं वजन मोजून, ओळखतात.

केंद्रकाच्या आत लपलेल्या या गोष्टी इम्यून सिस्टीमला दिसतात तरी कशा? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी त्वचेच्या पेशींवर अल्ट्राव्हायोलेट किरणं सोडली, आणि मरताना पेशीच्या पृष्ठभागावर जे फुगवटे येतात त्यात आरओ (रिपोर्टमधली अँटी-आरओ ज्याला ओळखते ते प्रोटीन) आणि एसएमवाले कण अक्षरशः गोळा झालेले दिसले. म्हणजे जे आत असायचं ते बाहेर येऊन बसलं. ल्युपसमध्ये ऊन टाळा, सनस्क्रीन लावा असं डॉक्टर सारखं का सांगतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे, ते मनावर घ्याच.

फायद्याचं बोलायचं तर नुसता एएनए पॉझिटिव्ह आला म्हणजे ल्युपस नाही, १:८० ला तर साधारण १३ टक्के निरोगी माणसंही पॉझिटिव्ह येतात. उलट अँटी-एसएम थोड्याच पेशंट्समध्ये सापडते पण सापडली तर ल्युपसचं निदान जवळपास पक्कं होतं. आणि या अँटीबॉडी लक्षणांच्या बऱ्याच आधी तयार होतात. अमेरिकन सैन्यातल्या १३० पेशंट्सचं जुनं साठवलेलं रक्त तपासलं तेव्हा ११५ जणांत निदानाआधीच कोणती ना कोणती अँटीबॉडी होती, आरओ आधी, एसएम बरीच नंतर. त्यामुळे कुणी काही चुकीचं खाल्लं, केलं असा दोष बहिणीला अजिबात लावू नका. अँटी-एसएम एकदा आली की ती तपासणी पुन्हा पुन्हा करून पैसे घालवायची गरज नसते, आजार किती सक्रिय आहे ते लघवीतलं प्रोटीन, अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची अँटीबॉडी) आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रोटीन्स) यांवरून कळतं, त्या तपासण्या मात्र चुकवू नका.

लग्नाला काहीच अडचण नाही, फक्त नवऱ्याकडच्यांना स्पष्ट सांगा. बाळाचा विचार आजार किमान सहा महिने शांत असताना आणि औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलून करायचा, कारण काही गोळ्या आधी बदलाव्या लागतात. अँटी-आरओ वारेतून बाळापर्यंत जाते आणि साधारण १०० पैकी १-२ बाळांत हृदयाच्या ठोक्यांचा मार्ग अडतो, त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या ल्युपसच्या नेहमीच्या गोळीने हा धोका कमी होतो म्हणून दिवस गेल्यावर घाबरून ती गोळी स्वतःहून बंद करायची नाही, आणि १६व्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाचा इको (सोनोग्राफी) कोणकोणत्या आठवड्यात करायचा ते रुमॅटॉलॉजिस्ट (ल्युपससारख्या आजारांचे डॉक्टर) आणि गायनॅक दोघांकडून आधीच लिहून घ्या.