धुक्यात सापडलेल्या विमानाला रेडिओवरून दिशा कशी कळत असे?

रडार नव्हते त्या काळी ही दिशा कशी कळे आणि तिच्यावर कितपत विसंबता येई, असे आपण विचारले आहे. 1920च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर हे काम जमिनीवरून होई. वैमानिक रेडिओवर बोले, क्रॉयडन, पुलहॅम आणि लिम्प्न येथील केंद्रे त्याचे संदेश कोणत्या दिशेने येतात ते मोजत आणि नकाशावर त्या रेषा जिथे एकमेकींना छेदत, ते ठिकाण त्याला कळवले जाई. दिवसा ही पद्धत उत्तम चाले. रात्री मात्र ती फसवत असे, आणि ते मी स्वतः पाहिले आहे.

साताऱ्यात कॉलेजात असताना मी लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून लूप एरियल, म्हणजे वेटोळ्याची अँटेना, केली होती. चौकटीची कड पुणे आकाशवाणीच्या रोखाने धरली की आवाज मोठा येई, सपाट बाजू तिकडे वळवली की तो जवळजवळ नाहीसा होई. दिशा घ्यायची ती या नाहीशा होण्यावरूनच, कारण तिथे दोन-चार अंशांचा फरकही कानाला कळतो. दुपारी माझी चौकट दर वेळी नेमकी उत्तर दिशा दाखवी. स्नेहसंमेलनातल्या प्रदर्शनात परीक्षक रात्री आठला आले, तेव्हा आवाज नाहीसा होण्याची तीच शांत जागा पसरट झाली आणि पाहता पाहता ईशान्येकडे सरकली. "तार नीट गुंडाळलेली नाही," एवढे बोलून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

तार नीटच होती. सूर्य मावळल्यावर मध्यम लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन वरूनही येऊ लागतात. त्यांचे ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, बदललेले असते, त्यामुळे चौकटीच्या आडव्या तारांतही प्रवाह निर्माण होतो आणि शांत जागा पुसट होते किंवा भलतीकडे जाते. फ्रँक ॲडकॉक यांनी 1919 मध्ये केवळ उभ्या तारांचा उपयोग करणाऱ्या एरियलचे पेटंट घेतले, ते याच दोषावरचा उपाय म्हणून. तेव्हा कोणाचेही उपकरण सदोष ठरवण्याआधी मोजमाप किती वाजता घेतले, हे परीक्षकाने विचारलेच पाहिजे.

एक सांगायचे राहिले. नुसत्या लूपला समोरासमोर दोन शांत जागा असतात, म्हणून केंद्र पुढे आहे की मागे हे ठरवायला जोडीला एक उभी एरियल लागते. मी ती लावली नव्हती, कारण पुणे उत्तरेला आहे हे मला आधीच ठाऊक होते.